ब्रॅकनर गावाचा उजवा खांदा

लायल हॅबेकर याचा उजवा खांदा शुक्रवारच्या सामन्यात निखळला, आणि तो त्याच्या मालकीचा नव्हता ही गोष्ट सोमवारी उघडकीस आली. तोवर त्याची अशी प्रामाणिक समजूत होती, की जे अवयव जन्मापासून आपल्याला चिकटलेले असतात ते आपले असतात. पश्चिम टेक्सासमधल्या ब्रॅकनर गावात ही समजूत पुष्कळ मुलांची असते. शाळेच्या फुटबॉल संघात क्वार्टरबॅक होईपर्यंत ती टिकते. क्वार्टरबॅक म्हणजे अमेरिकन फुटबॉलमधला, हाताने चेंडू फेकणारा गडी. त्याच्या बाजूचे त्याच्यासाठी आपटून घेतात आणि समोरचे त्याला आपटतात, अशी ही सोपी व्यवस्था आहे.

शहरातल्या अस्थितज्ज्ञाने खांद्याचे चित्र दिव्यासमोर धरून निर्वाळा दिला. सांध्याची कड फाटली आहे; हात झोळीत बांधायचा; चेंडूला शिवायचे नाही.

"पुन्हा त्याच जागी आपटलास, तर हा हात खांद्याच्या वर जायचा नाही," तो म्हणाला. "केससुद्धा डाव्या हातानं विंचरावे लागतील."

लायलला केसांची फिकीर नव्हती. गावाबाहेरच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग आहे. त्यांच्या पोटातल्या शिडीने वर चढून त्या दुरुस्त करण्याचे काम शिकायचे, हे त्याने ठरवले होते, आणि त्या विद्यालयात त्याला प्रवेशही मिळाला होता. शिडी चढायला दोन हात लागतात. कोणत्याही विद्यापीठाने त्याला खेळासाठी बोलावले नव्हते, आणि त्याचे त्याला दुःखही नव्हते. ही दुसरी गोष्ट त्याने आईखेरीज कुणाला सांगितली नव्हती. ब्रॅकनरमध्ये ती सांगण्यासारखी नव्हती. येत्या शुक्रवारी लोमॅक्सशी सामना होता, आणि लोमॅक्स हे शेजारचे गाव असल्यामुळे त्याच्याविषयी ब्रॅकनरमध्ये शांतपणे कुणी बोलत नसे.

खांद्याचा विचार करण्यासाठी संघहितैषी मंडळाची सभा मर्ल डॉबिन्सच्या दालनात, विक्रीला ठेवलेल्या दोन चकचकीत ट्रकांच्या मधोमध भरली. मर्ल मंडळाचा अध्यक्ष होता. संघाचे प्रशिक्षक ओर्विल स्टॅम्पर त्याच्या उजवीकडे बसले होते. ते शाळेत आरोग्यशास्त्रही शिकवीत. लायल आपली झोळी सांभाळत दारात उभा राहिला.

"ये बाळा, बस," मर्ल मायेने म्हणाला. "फक्त बोलू नकोस."

"पण खांद्याचंच ठरवायचंय ना?"

"म्हणून तर! तुझे हितसंबंध गुंतलेत त्यात. तू बोललास तर उद्या लोक म्हणतील, सभा निःपक्षपाती नव्हती."

हा मुद्दा बिनतोड होता. सभेतल्या सर्व माणसांत, खांदा दुखत असलेला तो एकटाच होता. म्हणजे दुखण्याविषयी पूर्वग्रह असलेलाही तो एकटाच. त्याला निरीक्षक म्हणून ट्रकच्या पायरीवर बसवण्यात आले.

त्यानंतर तज्ज्ञाचे मत विचारात घेण्यात आले आणि लगेच विचारातून काढण्यात आले. कारण तो तज्ज्ञ लोमॅक्सच्या शाळेतून शिकलेला निघाला.

"तिथल्या बँडमध्ये कर्णा वाजवायचा तो," मर्लने माहिती पुरवली.

"पण डॉक्टर आहे तो, मर्ल. शपथ घेतलेली असते त्यांनी," स्टॅम्पर चाचरत म्हणाले.

"शपथ नंतर घेतली, कोच. कर्णा आधी."

गावात माणसांचा डॉक्टर नव्हता. मात्र डॉक्टर फेन्स्के होते. ते गुराघोड्यांचे डॉक्टर होते. पण रोडिओत, म्हणजे बैलांवर स्वार होण्याच्या खेळात, आपटलेल्या बैलांचे इतके खांदे त्यांनी हाताळले होते, की अनुभवाच्या बाबतीत शहरातला तज्ज्ञ त्यांच्यापुढे पोर ठरावा, असे सभेचे मत पडले. शिवाय ते ब्रॅकनरचेच. त्यांना बोलावून आणण्यात आले. त्यांनी लायलचा खांदा दाबला, फिरवला, आणि लायल किंचाळला तेव्हा सवयीने त्याच्या मानेवर थोपटले.

"घोडा असता तर गोळी घातली असती," ते म्हणाले.

मर्लने घसा खाकरला.

"शुक्रवारी?"

फेन्स्केंनी क्षणभर विचार केला. "नाही. शनिवारी घातली तरी चालेल."

वैद्यकीय हरकत अशा रीतीने दूर झाली.

लायलची आई नादीन शाळेच्या भोजनगृहात वाढपाचे काम करी. तिला हे कळले तेव्हा ती एप्रनसकट मर्लच्या दालनात येऊन थडकली. दोघे एकाच वर्गात शिकलेली.

"मर्ल, तुझा डस्टिन राखीव क्वार्टरबॅक आहे ना? राखीव म्हणजे कशासाठी राखून ठेवलाय? लोणचं घालायला?"

"नादीन, खुळ्यासारखं बोलू नकोस. त्याला लागलं तर?"

"आणि माझ्याला लागलंय त्याचं काय?"

"त्याला आधीच लागलंय!" मर्ल म्हणाला, आणि या युक्तिवादाचे त्याला स्वतःलाच इतके कौतुक वाटले, की त्याने तो पुन्हा एकदा म्हटला. "अगं, एक चांगला खांदा असताना आणखी एक बिघडवायचा? डस्टिनला कॉलेजात जायचंय."

"लायललाही जायचंय."

"शिडी चढायला," मर्ल म्हणाला. "ते काय कॉलेज?"

मंगळवारी एक नवीनच अडचण उभी राहिली. लायल शाळेच्या मार्गिकेतून झोळी घालून जाऊ लागला, की मुलांचे चेहरे उतरत. झोळीमुळे खांदा दुखावल्याचा भास होतो, अशी तक्रार मुख्याध्यापिका पेटिग्रू यांच्याकडे आली. सुदैवाने तो माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याचा आठवडा होता. त्या आठवड्यात ब्रॅकनरच्या मुली छातीवर परातीएवढे रेशमी शेवंतीचे फूल लावतात आणि त्याला गुडघ्यापर्यंत फिती अन् घुंगरू सोडतात. मर्लच्या बायकोने तसेच एक फूल लायलच्या झोळीवर टाचून दिले. फिती संघाच्या रंगाच्या, किरमिजी. आता लायल चालला की वाजे, आणि उदास वाटण्याचे कारण उरले नाही.

ते इतके शोभले, की बुधवारी अर्ध्या शाळेने तशाच फुलांच्या झोळ्या बांधल्या. गुरुवारी गावाने बांधल्या. लायलच्या वेदनेत आपण सहभागी आहोत हे दाखवण्याचा याहून स्वस्त मार्ग कुणाला सुचला नसता. न्हावी एका हाताने केस कापू लागला. बँकेतला कारकून डाव्या हाताने नोटा मोजू लागला आणि वारंवार चुकू लागला. पण कुणी रागावले नाही. संध्याकाळपर्यंत बऱ्याच लोकांचे खांदे खरोखरच आखडले.

"कळतं रे बाबा आम्हाला," न्हावी लायलला म्हणाला. "माझा सकाळपासून ठणकतोय. पण सोडलंय का मी काम?"

खोटे कशाला बोला, लोक रस्त्यात थांबून आपली विचारपूस करतात हे लायलला थोडे आवडूही लागले होते. कॅफेत त्याच्यापुढे न मागता पीच पाय ही फळाचा गर भरून भाजलेली मिठाई येई. डाव्या हाताने खाल्ली तरी ती गोडच लागे.

त्याच गुरुवारी मंडळाने ठरवले, की ज्या झोळीने गावाला एकत्र आणले ती मूळ झोळी शाळेच्या चषकांच्या कपाटात ठेवावी. जयघोषात ती लायलच्या गळ्यातून उतरवण्यात आली. दुसरी घ्यायला तो औषधांच्या दुकानात गेला, तेव्हा दुकानदाराने झोळीतला हात जागच्या जागी हलवून असहायता दर्शवली.

"संपल्या रे. तुझ्यासाठीच घेतल्यात सगळ्यांनी."

लायल उजवे कोपर डाव्या हातात धरून घरी गेला.

तरीही मंडळ हुकूमशाहीने वागले, असा आरोप कुणालाच करता येणार नाही. शुक्रवारी दुपारी व्यायामशाळेत सारी शाळा आणि निम्मे गाव जमले. बँड वाजला, मुली उड्या मारून गेल्या, आणि पेटिग्रूबाईंनी ध्वनिवर्धक हाती घेतला.

"आपण कुणावरही सक्ती करत नाही," त्या म्हणाल्या. "लायलने आज खेळू नये असं ज्याला वाटतं, त्याने निर्भयपणे उजवा हात वर करावा. लायल, तूसुद्धा. आज तुलाही मत आहे."

सर्वांचे उजवे हात झोळीत होते. झोळीत नसलेला उजवा हात व्यासपीठावर एकच होता, आणि तो वर जात नव्हता. लायलने तो उचलण्याचा प्रयत्न केला. हात बरगड्यांपासून वीतभर सुटला; मग त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि हात खाली आला. पहिल्या रांगेतल्या लोकांना ते अभिवादन वाटले. त्यांनी टाळ्या वाजवण्याऐवजी पाय आपटले.

शेजारच्या भोजनगृहाच्या दारातून एक हात वर गेला. त्यात वाढायचा डाव होता.

"नादीन," पेटिग्रूबाई सौम्यपणे म्हणाल्या, "तुम्ही त्याच्या आई आहात. हितसंबंध."

"विरोधात कुणी नाही," मर्लने जाहीर केले. त्याचे डोळे पाणावले होते.

मैदानावर जाण्यापूर्वी नादीनने मुलाला गाडीपाशी गाठले. गाडी चालू होती.

"बस आत. आत्ताच्या आत्ता. उद्या काय ते बघू."

लायलने झोळ्या बांधून निघालेल्या गर्दीकडे पाहिले. न्हाव्याने त्याला डाव्या हाताने सलाम ठोकला.

"आई," तो म्हणाला, "परवापासून केस कुणाकडे कापायचे मग? राहायचंय ना आपल्याला इथं?"

नादीनने गाडी बंद केली.

सामन्यापूर्वी राष्ट्रगीत झाले. एरवी छातीवर हात ठेवायला लोकांना आठवण करून द्यावी लागे. त्या दिवशी सगळ्यांचे हात आधीपासूनच तिथे बांधलेले होते. एवढी देशभक्ती ब्रॅकनरने कधी पाहिली नव्हती. सज्जांमध्ये दाटीवाटीने बसलेल्या त्या सर्व धडधाकट माणसांचे हात झोळीत होते, आणि मधोमध हिरवळीवर, झोळी नसलेला एक मुलगा उभा होता. तो चेंडू फेकणार होता.

त्याने फेकला. पहिल्यांदा, दुसऱ्यांदा, पुढे कितीतरी वेळा. फेकताना त्याच्या तोंडातून जो आवाज निघे तो त्याचा त्यालाच ऐकू येई, कारण गाव त्याच्या नावाने ओरडत होते. शेवटच्या काही क्षणांत लोमॅक्सचे दोन दांडगे गडी त्याच्यावर येऊन कोसळले. खाली उजवा खांदा होता. स्टॅम्पर धावत गेले आणि आरोग्यशास्त्राच्या ज्ञानाला अनुसरून त्याला म्हणाले, "खोल श्वास घे."

सामना संपल्यावर लोकांनी भावनेच्या भरात झोळ्या काढून हवेत भिरकावल्या. सज्जे रिकामे झाले तेव्हा त्या पायऱ्यांवर पडून होत्या. नादीनने त्यातली एक उचलली. तिला कुणाच्या तरी खाण्यातले पातळ चीज लागले होते आणि फुलाचे घुंगरू शाबूत होते. ती तिने लायलच्या गळ्यात बांधली, आणि तो शहरापर्यंत वाजत गेला.

सकाळी त्याच अस्थितज्ज्ञाने नवे चित्र दिव्यासमोर धरले.

"शिडी?" लायलने विचारले.

तज्ज्ञाने मान हलवली. हात खांद्याच्या वर जाणार नव्हता, शस्त्रक्रियेनंतरही नाही. त्याने ते स्पष्ट आणि सभ्य शब्दांत सांगितले, शाळेवर आणि गावावर दोन कडक वाक्ये बोलला, आणि नादीनला वाटले, जगात एक तरी शहाणा माणूस आहे. मग त्याने उठून दार हळूच लोटले आणि आवाज उतरवला.

"काल रात्री मी कामावर होतो," तो म्हणाला. "शेवटी जिंकलं कोण?"

नादीनने त्याला सांगितले नाही. या कथेतही ते कुठे सांगितलेले नाही आणि सांगितले जाणारही नाही. ब्रॅकनरच्या लोकांना यथेच्छ हसत जो वाचक इथवर आला, त्याला या उणिवेची जाणीव आत्ता, वरील वाक्य वाचून झाली असेल, तर त्याने सुखाने घरी जावे. परंतु लायल मैदानात उतरल्यापासून ती ज्याला बोचत असेल, त्याने निर्भयपणे आपला उजवा हात वर करावा.

त्याचा सहज वर जाईल.