प्रागला गेलेले आठ डबे

आमच्या मेडशीतून युरोप पाहून आलेले सुखदेवभाऊ हे माझ्या माहितीतले एकमेव गृहस्थ. पण "प्राग कसं आहे हो?" असं विचारलं की ते पानाला चुना लावत म्हणतात, "आत्ताच कसं सांगू, सर? डबे वापस यायचे हायेत अजून."

परत येऊन चार महिने झाले, तरी उत्तर तेच.

शेतातलं नवं पीक घरी आलं की त्यातला वानोळा शेजारीपाजारी द्यायचा, आणि शेजाऱ्यानं डबा रिकामा परत करायचा नाही, ही आमच्याकडची रीत. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची. भाऊ माणूस ओळखतात तो एवढ्यावरूनच. मालेगावच्या त्यांच्या व्याह्यांनी एकदा डबा धुऊन, पुसून, रिकामा पाठवला. भाऊ आजही त्यांना 'स्वच्छ माणूस' म्हणतात.

त्यांची धाकटी प्रज्ञा प्रागला नोकरी करते. तिनं तिकीट पाठवलं, तेव्हा भाऊंनी सामानात तीन सदरे आणि घरच्या तुरीच्या डाळीचे आठ स्टीलचे डबे भरले. प्रत्येक डब्यावर भांडेवाल्याकडून कोरून घेतलं: 'प्रज्ञा, दुसरा माळा, डावं दार'. मराठीत. तिकडं हे वाचणार कोण, असं मी विचारलं.

"डबा हरपला तं सापडाले नाव पाह्यजे ना," भाऊ म्हणाले.

विमानतळावरच्या साहेबानं डबा उघडून हुंगला. भाऊंनी त्याला मूठभर घ्यायचा आग्रह केला. त्यानं घेतली नाही, याचं त्यांना अजून वाईट वाटतं.

प्रागमध्ये प्रज्ञानं बापाला सहाशे वर्षं जुनं घड्याळ दाखवलं. ते पाहायला दर तासाला माणसांची ही गर्दी. भाऊ म्हणाले, "आमच्या घरचं बंद हाये, पण वाचता तं येते." मग पुतळ्यांचा तो प्रसिद्ध पूल. "पुतळे लय, पण हार एकालेबी नाही." पुढं ती त्यांना मोराव्हियातल्या खेड्यांकडं घेऊन गेली. दूरवर हिरवे उतार, द्राक्षाचे मळे, आणि मध्ये कुठं धुरा, म्हणजे शेताचा बांध, म्हणून नाही. भाऊ चिंतेत पडले. "मंग हे लोक भांडतेत कायावरून?" त्यांनी तिथली माती चिमटीत घेऊन हुंगली आणि बरी आहे असं सांगितलं. युरोपातल्या एवढ्या एकाच गोष्टीला त्यांनी पास केलं.

राहिलेले सगळे दिवस ते प्रज्ञाच्या इमारतीत दारं वाजवत फिरले. आठ बिऱ्हाडं, आठ डबे. दार उघडलं की डबा पुढं करायचा आणि म्हणायचं, "तुरीची दाळ. घरची हाये." मग मागं उभ्या असलेल्या प्रज्ञाकडं बोट दाखवायचं. ती शरमेनं अर्धी झाली होती. "बाबा, इथं असं कोणी करत नाही."

"म्हून तं करून राह्यलो."

परवा रविवारी दुपारी मी त्यांच्या ओसरीवर बसून चेष्टा करत होतो. "भाऊ, आठही डबे गेले तुमचे."

ते एरवी उलट बोलले असते. या वेळी खाली पाहून म्हणाले, "डब्याचं काय हाये, सर. पोरगी एकटी राह्यते. उद्या तिले ताप आला तं कोणाचं दार वाजवावं तिनं? दोन वर्षांत एकाचं नाव माहीत नव्हतं तिले."

मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर प्रज्ञा, गळ्याला मफलर, डोळे ओढलेले. तीन दिवस ताप होता, मुद्दामच कळवलं नाही, म्हणाली. मग तिनं स्टीलचा डबा कॅमेऱ्यासमोर धरला. त्यात गरम सूप होतं. खालच्या माळ्यावरच्या म्हाताऱ्या बाईला खोकला ऐकू आला, म्हणून ती स्वतः जिना चढून घेऊन आली होती.

"भरून आला, बाबा."

भाऊ बराच वेळ डब्यावरचं नाव वाचत राहिले. फोन ठेवल्यावर उपरण्यानं डोळे पुसले, आणि मी काहीच विचारलेलं नसताना म्हणाले, "गाव चांगलं हाये, सर."