पंचेंद्रिय-सुख आणि सोमवारची खाकी

निवड कशी करावी, हे माझ्याकडून शिकावं! बाजारात ड्युरियनच्या, म्हणजे आमच्याकडच्या फणसासारख्या काटेरी फळांच्या ढिगासमोर मी उभी राहिले, की विकणारी आधीच सुस्कारा टाकते. मी फळ कानाशी धरून वाजवते, देठ हुंगते, अर्धा ढीग परत ठेवायला लावते आणि मग जे घेते ते घरी उघडल्यावर लोण्यासारखं निघतं. नवराही मी असाच पारखून घेतला होता. सोमकित अगदी शेवटपर्यंत गोड निघाला, फक्त टिकला कमी.

तो गेल्यानंतर एक गोष्ट माझ्या लक्षात आली, आणि ती तुम्हांला सांगायला मला लाज वाटत नाही. म्हणजे वाटते, पण सांगते. मला कुणी हातच लावत नव्हतं! आमच्याकडे नमस्कार लांबून. मिठ्या वगैरे परदेशी पाहुण्यांनी माराव्यात. लेक नोकरीला दूर उत्तरेत, तीही फोनवरूनच हात जोडते. गेल्या काही वर्षांत माझ्या अंगाला स्पर्श केला तो शिंप्यानं आणि दातांच्या डॉक्टरनं. त्यातल्या डॉक्टरनं हातमोजे घातले होते.

आता तुम्ही म्हणाल, बँकॉकमध्ये राहतेस आणि मालिशीला तोटा? तोटा नाही हो! आमच्या गल्लीतच चार दुकानं आहेत. पण ती आमची नेहमीची मालिश, म्हणजे हाडं मोडायची आणि पुन्हा बसवायची. ती मी सोमकित असताना करून घ्यायचे, गुडघ्यासाठी. मला हवी होती ती दुसरी. जिच्याबद्दल बायका खालच्या आवाजात बोलतात ती. कोमट तेल, मंद दिवा, कुठलीही घाई नसलेले हात. अंगाला आपण अंग आहोत याची आठवण करून देणारी. तिच्यात नेमकं होतं काय, याचं मला भारी कुतूहल होतं. गणित शिकवणाऱ्या माणसाला उत्तर माहीत नसलेलं उदाहरण रात्रंदिवस छळतं.

शिक्षकांच्या खोलीत मी रांफाजवळ विषय काढला. रांफा आमच्या शाळेत पाककला शिकवते आणि कुठल्याही बातमीला फोडणी देते.

"अगं विलै, तसल्या ठिकाणी जाणार तू?" ती डोळे मोठे करून म्हणाली.

"तसल्या नाही. परवान्याच्या! बायकांच्या! स्वच्छ, सुरक्षित, सरकारी शिक्क्याच्या!"

"आणि तिथं सुखही सरकारीच मिळालं तर?"

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. ते मी करायला नको होतं.

लगेच शोध सुरू झाला. माझे नियम ठरलेले होते. भिंतीवर परवाना हवा. परवान्यावरचा फोटो आणि गल्ल्यावरचं माणूस यांचा मेळ बसायला हवा. मालिश करणारीकडे शिकल्याचा दाखला हवा. भाव फळ्यावर हवेत, आणि 'पुरे' म्हटलं की हात थांबायला हवेत. पहिल्या दुकानात परवाना होता, पण फोटोतल्या माणसाला झुपकेदार मिशा होत्या आणि गल्ल्यावर एक नाजूक बाई.

"हे कोण?" मी विचारलं.

"माझे दादा."

"कुठं आहेत?"

"वारले." असं म्हणून तिनं फोटोला हात जोडले. मीही जोडले आणि बाहेर पडले. मेलेल्या माणसाच्या जबाबदारीवर मी कपडे उतरवणार नव्हते! दुसऱ्या दुकानात भाव विचारला, तर मालक हसून म्हणाला, "ताई, तुम्ही आधी आत तर या." मी आणखी वेगानं बाहेर आले.

तिसरं दुकान मात्र सापडलं आणि जीव हरखला. नाव 'चंतरा'. दारात चपलांची सरळ रांग. भिंतीवर परवाना, परवान्यावर फोटो आणि फोटोखाली तीच बाई जिवंत बसलेली! भावांचा फळा होता. त्यात सगळ्यांत शेवटी, अदबीनं लिहिलेलं: 'पंचेंद्रिय-सुख. फक्त स्त्रियांसाठी. सावकाश.' त्या 'सावकाश' शब्दापाशी माझी नजर अडकून पडली.

मी चष्मा नीट केला आणि परवाना वाचायला घेतला. मुदत तपासली. फोटोकडे पाहिलं, बाईकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं.

"हे तुम्हीच ना?"

ती बाई अशी उठली की खुर्ची मागे पडली. "हो मॅडम! मीच! सुनान! केस तेवढे कापलेत मॅडम!"

"मालिश कोण करतं? दाखला आहे?"

"लमयी! अगं लमयी, दाखला घेऊन ये! सगळ्या जणी या!"

काय सांगू तुम्हांला तो मान! मला बसवलं. लमयी म्हणून एक चाळिशीची, रुंद तळव्यांची बाई आली. तिनं रिवाजाप्रमाणे लिंबाच्या कोमट पाण्यानं माझे पाय धुतले. तिचे हात पाहूनच मला वाटलं, विलै, फळ पिकलेलं आहे! मग आंबा आणि चिकट भात आला. मग सुनाननं मला आतल्या खोल्या दाखवल्या. टॉवेल दाखवले. आग विझवायचं नळकांडं दाखवलं. बाकीच्या बायका भिंतीला लागून हात जोडून उभ्या. मला वाटलं, काय हे आतिथ्य! गिऱ्हाईक असावं तर इथलं!

"मॅडम, काही सूचना?" सुनाननं विचारलं.

आता शिक्षिकेला सूचना विचारू नये. मी म्हटलं, "मोरीतला नळ गळतो आहे. आणि चौथ्या खोलीतली कडी आतून घट्ट बसते, बाई घाबरेल एखादी."

"आजच करते मॅडम! ताबडतोब!"

"छान. मग, ते पंचेंद्रिय-सुख... आता मिळेल?"

सुनानचा चेहरा भातासारखा पांढरा पडला.

"नाही मॅडम! शपथ! आम्ही अधिकाऱ्यांना असलं काही देत नाही! ती लाच होईल! आमचं दुकान तसं नाही!"

अधिकारी? मी मान वळवली. समोर मोठा आरसा होता, आणि आरशात खाकी गणवेश, खांद्यावर पट्ट्या, छातीवर बिल्ला आणि काखेत फाइल घेतलेली एक करारी चेहऱ्याची बाई उभी होती. सोमवार! दर सोमवारी आम्ही झाडून सगळे सरकारी नोकर खाकीत असतो, शाळेच्या मास्तरांपासून आरोग्यखात्याच्या तपासनिसापर्यंत. इतकी वर्षं अंगावर घालून घालून मला ती माझी कातडीच वाटायला लागली होती!

तुम्ही म्हणाल, तिथंच सांगून टाकायचं, मी शिक्षिका आहे म्हणून. आणि छातीवरच्या बिल्ल्यावर शाळेचं नाव असताना सरकारी गणवेशात सुख मागायला आले, असंही सांगायचं? मी फाइल छातीशी घट्ट धरली, बिल्ला झाकला आणि म्हणाले, "ठीक आहे. समाधानकारक." मागून सगळ्या जणींनी इतका मोठा नि:श्वास टाकला की दाराचा पडदा हलला.

रांफा हे ऐकून इतकी हसली की तिच्या हातातलं नारळाचं दूध सांडलं. "अगं, लाच न देणारं दुकान बँकॉकमध्ये सापडलं तुला! याहून सुरक्षित काय हवंय? शनिवारी फुलाफुलांचा झगा घालून जा."

तिचं बरोबर होतं. शनिवारी मी झगा घातला, ओठ रंगवले, केसात फूल खोवलं. आरशात पाहिलं तर मलाच मी ओळखू आले नाही.

सुनाननं मला लांबूनच ओळखलं.

ती फक्त लमयीच्या कानात कुजबुजली, आणि मला एवढंच ऐकू आलं: "वेष पालटून आल्यात. गुप्त तपासणी."

मी खोलीत गेले. दिवा मंद होता. तेलाला चाफ्याचा वास होता. कडी नवी होती. मी जमिनीवरच्या गादीवर पालथी पडले, डोळे मिटले, आणि खरं सांगते, छातीत अशी धडधड सोमकितनं पहिल्यांदा छत्रीखाली घेतलं तेव्हा झाली होती.

"मॅडम," लमयीचा आवाज आला, "नियमाप्रमाणे मी आता उजव्या खांद्याला स्पर्श करीत आहे. हरकत?"

"नाही."

"धन्यवाद. चादर मानेपर्यंत आहे. आता तेल. तेल कोमट आहे. हरकत?"

"नाही गं बाई!"

"साक्षीदार म्हणून सुनानताई उभ्या आहेत. पाठ करून."

मी एक डोळा उघडला. कोपऱ्यात सुनान भिंतीकडे तोंड करून उभी होती, वर्गात शिक्षा झालेल्या पोरीसारखी! लमयीचा हात माझ्या खांद्यावर पडला तो पोस्टातला शिक्का पडावा तसा. एकदा, दोनदा, उचलला. पाचही इंद्रियं झोपी गेली. मला रडू येईल की हसू, तेच कळेना.

मी उठून बसले. चादर गुंडाळून ओरडले, "ऐका! मी कुठल्या खात्याची नाही! मी शिक्षिका आहे! गणिताची साधी शिक्षिका! सोमवारची खाकी होती ती! मी फक्त गिऱ्हाईक आहे!"

मला वाटलं, सुटले.

सुनान वळली. लमयीनं तापल्या तव्याला लागल्यासारखे हात मागे घेतले.

"बाई?" ती पुटपुटली. "शाळेतल्या बाई?"

आणि दोघी धपकन गुडघ्यांवर बसल्या! आता आमच्यात गुरूपेक्षा आपलं डोकं उंच ठेवत नाहीत. पण गुरू जमिनीवरच्या गादीवर! दोघी वाकल्या. मी त्यांना उठवायला म्हणून पुढं झुकले, तर त्या आणखी वाकल्या. मी कोपरावर आले, त्या पोटावर आल्या. अखेर आम्ही तिघी त्या मंद उजेडात, चाफ्याच्या वासात, जमिनीवर सपाट पडून एकमेकींकडे बघत होतो.

"उठा गं!" मी म्हटलं. "अधिकारी नाही म्हटलं ना? आता करा मालिश, फळ्यावर लिहिलीय तशी!"

"बाई, अधिकारी असतात तर केलीही असती!" लमयी रडकुंडीला आली. "पण बाईंना? सुख? माझे हात झडतील! रोज काम सुरू करायच्या आधी आम्ही आमच्या गुरूला हात जोडतो. आज ते वरून बघतायत!"

"आणि मला गणितात कायम भोपळा," सुनान फरशीला गाल लावून म्हणाली. "आत्तासुद्धा सातचा पाढा आठवेना बाई."

मग माझा धीर सुटला. मी गादीवर पडल्या पडल्या बोलून गेले. "अगं, नवरा गेल्यापासून मला कुणी हात लावलेला नाही. सगळे लांबून हात जोडतात. मला कंटाळा आलाय त्या जोडलेल्या हातांचा. माझं अंग अजून जिवंत आहे का, एवढंच बघायचं होतं मला."

मग लमयी पोटावरूनच सरकत सरकत गादीच्या दुसऱ्या टोकाला गेली.

"बाई," ती म्हणाली, "गुरूच्या पायांना हात लावला तर चालतो."

आणि तिनं माझं पाऊल आपल्या रुंद तळव्यांत घेतलं. कोमट तेल, आणि घाई नसलेले हात. टाचेवरून, घोट्याभोवती, एकेका बोटामधून. सुनान हळूच दार ओढून निघून गेली. मी उताणी होऊन पंख्याकडे बघत पडून राहिले आणि डोळ्यांतून पाणी कानांत जात राहिलं. एका पावलात एवढी विलै शिल्लक असेल, हे मला ठाऊक नव्हतं.

आता मी दर शनिवारी जाते. लमयीची भीड चेपते आहे, पण आमच्या सरकारी कामासारखी. गेल्या आठवड्यात ती गुडघ्याच्या खाली पोचली, हात जोडून माफी मागितली आणि परत पावलावर आली.

"मी निवृत्त झाले की?" मी आशेनं विचारलं.

"गुरू कुठं निवृत्त होतो बाई?" ती म्हणाली.

दरम्यान दुकानाची कीर्ती मी शाळेत पसरवली, कारण चांगली निवड लपवून ठेवू नये. रांफाही जाऊन आली. जाताना मी तिला बजावलं होतं, की शाळेचं नाव काढू नकोस, भाजलेली केळी विकते म्हणून सांग. ती परतली तेव्हा तिचा चेहरा निरांजनासारखा उजळला होता. तासाची घंटा झाली तरी ती खिडकीतून बाहेर बघत हसत होती.

"कशी होती?" मी विचारलं. "सगळी? फळ्यावर लिहिलीय तशी?"

"अगं, सांगता येत नाही गं!" तिनं डोळे मिटले. "तुझी निवड म्हणजे निवड!"

हो. दुकानाची निवड माझी अजिबात चुकली नाही. नोकरीची चुकली!