थोरव्यांच्या ग्राफिक्स कार्डाचा निवाडा

सन २०२३ च्या ऐन उन्हाळ्यात, अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, थोरव्यांच्या ग्राफिक्स कार्डाने आमच्या गावच्या तंटामुक्ती समितीकडे तक्रार आणली. समितीचा अध्यक्ष मी. तक्रार तोंडी घेतली.

कार्ड कॉम्प्युटरमधून उतरून चालत आले होते. दोन पंखे, अंगाने जड, स्वभावाने तापट. त्याच्या मागोमाग एसएसडी, म्हणजे कॉम्प्युटरची नवी डिस्क, आली. ती चपटी, बोटभर लांब, बोलायला चटपटीत. अंगावर शाल.

"आप्पा, हिला घरात येऊन महिना झाला नाही," कार्ड म्हणाले, "आणि गावानं हिचा सत्कार केला. म्हणे हिच्यामुळं चित्र पळायला लागलं. चित्र काढायचं मी, आणि नारळ हिला?"

"मग पळतंय का नाही चित्र?" एसएसडी म्हणाली. "मी आल्यावरच पळाय लागलं. गाव काय आंधळं हाय?"

"आज निवाडा झाला नाही, तर मी परत आत बसणार नाही," कार्ड म्हणाले.

ही धमकी साधी नव्हती. त्याच दुपारी थोरव्यांच्या वेदश्रीची गाड्यांच्या खेळातली शेवटची लढत होती. सगळ्या राज्यातून दोघेच उरले होते. जिंकली तर पुण्याच्या संघात जागा. हरली तर कॉम्प्युटर दूध डेअरीत जाणार, फॅटचे आकडे दाखवायला. तसे तिचे वडील सर्जेराव चारचौघांत बोलले होते. सर्जेराव बोललेले मागे घेत नाहीत.

मी दोघांना शर्यतीच्या माळावर नेले. आमच्याकडे वेगाचा तंटा माळावरच मिटतो. कॉम्प्युटर बैलगाडीतून आणला. वीज मंडपवाल्याने दिली. हलगीवाले न बोलावता आले. गाव लोटले.

मी विचारले, "शाल दिली तेव्हा वेळ कुणी लावली होती?"

किसन वाघमोडे पुढे झाला. बैलांच्या शर्यतीत घड्याळ तोच धरतो.

"मी, आप्पा."

"कुठून कुठपर्यंत?"

"बटण दाबल्यापासून गाडी जिंकेपर्यंत. जुनी डिस्क होती तवा माझा चहा पिऊन व्हायचा. आता कप तोंडाला लावला की खेळ खल्लास."

"बैल जुपायला लागलेला वेळ तू शर्यतीत धरतोस का?"

"कसा धरंल? निशाण पडल्यावरच घड्याळ लावतो."

"मग इथं जुपणी कशी धरलीस?"

किसनने घड्याळ मुठीत झाकले. मागून कोणी ओरडले, "किसन्या, नारळ भलत्यालाच दिलास की!"

पण नुसत्या बोलण्याने निवाडा होत नाही. पळवून बघावे लागते. थोरव्यांच्या माळ्यावरून जुनी डिस्क खाली काढली आणि आत बसवली. कार्डही चाचणीपुरते आत बसले. खेळात गोल मैदान निवडले. जुनीने गाडी जुपायला भरपूर वेळ घेतला. लोकांनी दम धरला. मी निशाण पाडले. कार्डाने सेकंदाला नव्वद चित्रे काढली.

मग जुनी काढून एसएसडी बसवली. जुपणी चुटकीसरशी झाली. निशाण पाडले. नव्वद. एकही जास्त नाही.

हलगी कडाडली. टोप्या उडाल्या. दोघे निवाडा ऐकायला बाहेर आले. मी हात वर केला.

"चित्र कार्डाचं. जुपणी एसएसडीची. शाल कार्डाला."

एसएसडीने शाल उतरवून कार्डाच्या अंगावर टाकली. मग आपल्या जागी जाऊन बसली. कार्ड शालीसकट आत जाऊन बसले.

"ती काढ बाबा, पंखे अडतील," वेदश्री म्हणाली.

"ऱ्हाऊ दे थोडा वेळ."

"थोडा वेळ नाही. काढ." तिने शाल ओढून घेतली.

लढत माळावरच झाली. समोरचा गडी नागपूरचा, तिकडूनच नेटवर खेळणारा. यावेळी गोल मैदान नव्हते. लांबलचक घाट होता. प्रत्येक वळणामागे नवे रान, नवे गाव, नवा कडा. वेदश्रीची गाडी मागे पडली, जवळ आली, बरोबरीला लागली. सगळा माळ उभा राहिला.

"वेदे, दाब! दाब!"

"आगं डाव्या अंगानं काढ!"

सर्जेराव एकटे बसून होते. आपल्याच गुडघ्यांवर बुक्क्या मारत होते.

शेवटच्या वळणावर कार्ड ओरडले, "माझ्याकडं पुढचा रस्ता नाही!"

पडद्यावर वळणाच्या पलीकडे काहीच नव्हते. नुसते पांढरे. हलगी थांबली. सर्जेराव उठले. वेदश्रीने वेग कमी केला नाही. गाडी त्या पांढऱ्याकडे सुसाट निघाली होती.

"डिस्कबाई, रस्ता द्या," कार्ड म्हणाले.

"शाल कुणाची?"

"माझी."

"मग रस्ताबी तूच काढ."

"काढीन, पण कशावरनं? तो तुमच्याकडं हाय. उसना द्या. परत करीन."

"चारचौघांत बोललायस. ध्यानात ठेव."

हे सगळे बोलणे पापणी लवायच्या आत झाले. एसएसडीने रस्ता दिला. कार्डाने तो चाकांखाली काढला, चाके पोचली तसतसा. गाडी वळण घेऊन सुटली. चित्र कुठे अडखळले नाही. नागपूरच्या गड्याच्या पुढे वेदश्रीचा बंपर तेवढा निघाला होता. तेवढा पुरला.

गुलाल कुठून आला कळले नाही. किसनने घड्याळ हवेत फेकले आणि झेलले. हलगीवाल्यांच्या बोटांतून रक्त आले तरी ते थांबेनात. सर्जेरावांनी लेकीला खांद्यावर घेतले, भरल्या माळावर, बावीस वर्षांच्या लेकीला. डेअरीचा माणूस कॉम्प्युटर न्यायला रिक्षा घेऊन आला होता. ते त्याला म्हणाले, "दुसरा बघा. हा पुण्याला चाललाय."

दुसऱ्या दिवशी उजाडताच कार्ड माळावर आले, एसएसडीही आली. मी साक्षीला होतो. त्याने रस्ता परत आणला होता, वळणासकट. एसएसडीने तो या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितला आणि ठेवून घेतला.