सुमनवहिनीचे आपले लोक

माझं धोतर कणकवलीच्या एका बाईले लय आवडलं, हे मले सकाळी दाढी करताना कळलं, अन् मी गाल कापून घेतला.

कणकवली कोठी आहे हे मले ठाऊक नाई. समुद्राकडं आहे म्हणतात. त्या बाईले मी जन्मात पाह्यलं नाई, तिनं मले पाह्यलं नाई. पण माझं धोतर तिनं पाह्यलं. ते दोरीवर वाळत होतं, वाऱ्यानं फुगलं होतं, अन् आमच्या शेजारच्या सुमनवहिनीनं आपल्या अंगणातून त्याचा फोटो काढून फोनमधून धाडून देला. वरून मधल्या बुटक्या भिंतीवर वाकून मलेच खुशखबर सांगते, "भाऊजी, तुमच्या धोतराले एकसष्ट दिल भेटले!"

"काय भेटलं?"

"दिल. लाल लाल. हे पाहा ना."

मी पाह्यलं नाई. गालावर तुरटी फिरवली अन् घरात गेलो. सारी उमर या अल्लीपुरात इज्जतीनं काढली. चवथी शिकलो, पण कोणाच्या दारात हात पसरला नाई. गवंडी मानूस मी. गावातल्या अर्ध्या भिंती माझ्या हातच्या आहेत, अन् त्यायले कोणी नाव ठेवलं नाई. आता या वयात माझ्या धोतराले दिल भेटून राह्यले!

ही बाई कोण ते तुमाले सांगतो. वहिनीचे मालक शाळेत चपराशी होते, माझे दोस्त. ते वारले त्याले चार वर्षं झाली. एक पोरगी, ते पुण्याले देली. तिनंच आईच्या हातात तो फोन देला अन् कोणत्या तरी मंडळात तिचं नाव टाकलं. त्या मंडळात साऱ्या मुलखाचे लोक. कोणी साताऱ्याचा, कोणी नांदेडचा, एक बाई तर अमेरिकेत. काम एकच. आपल्या घरी आज काय झालं ते बाकीच्यायले दाखवाचं. मोठं काई नाई. मांजर व्याली, दाखवा. लोणच्याले बुरशी आली, दाखवा. मी एक डाव विचारलं, "वहिनी, याच्यात दाखवासारखं काय आहे?" तर म्हणे, "आपल्या लोकायले सांगाव लागते ना, भाऊजी!"

आपले लोक! जे कधी तिच्या उंबऱ्यावर चढले नाईत, ज्यायच्या घरचा घोटभर चहा तिनं पेला नाई, ते आपले लोक!

थंडीत तिनं तुरीच्या शेंगा उकडल्या. शेंगाचं पातेलं, आमी त्याले गंज म्हणतो, खाली उतरवलं, झाकण काढलं, फोटो काढला. फोटोत वाफ दिसेना. पुन्हा चुलीवर ठेवला, पुन्हा उतरवला. असं चार डाव. वाफ शेवटी आली म्हणतात, पण शेंगाचा लगदा झाला. तोच लगदा वाटीत घालून आमच्याकडं धाडला. आमच्या बुढीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, तो मिटक्या मारत खाल्ला अन् म्हणाली, "वाफ काय मस्त आली होती व, सुमन!"

एक दिवस वहिनी गल्लीत पेढे वाटत फिरली. मले वाटलं पुण्याच्या पोरीचं काई असन. मी टोपी घालून विचारले गेलो.

"सांगलीच्या मालूताईच्या सुनेले पोरगी झाली," वहिनी म्हणे.

"कोणाची कोण ही मालूताई?"

"आपल्यातलीच आहे. तिचं तुळशीचं झाड मेलं होतं मांगं, ते नाई का?"

जशी काय ते तुळस माझ्या मांडीवर मेली होती! मी पेढा खाल्ला नाई. बुढीनं दोन खाल्ले.

अन् पुढच्याच हप्त्यात वहिनीच्या घरून फोडणीचा वास येईना. बुढीनं भिंतीवरून विचारलं, तर वहिनी तोंड पाडून सांगते, "नांदेडच्या भाऊचा बैल गेला व. आज कढई नाई चढवत मी." आता सुतक कोणाचं पाळाचं याले काई नियम आहे का नाई? सख्खा चुलता गेला तर लोक तिसऱ्या दिवशी भजे तळतात. इथं नांदेडच्या बैलासाठी अल्लीपुरात बिनफोडणीचं वरण! पण माझ्या घरावर आलं नव्हतं तोवर मी बोललो नाई.

मंग आलं. एका राती वरणात मीठ जास्त झालं म्हणून मी बुढीवर वरडलो. घरातली गोष्ट, घरात विरली. तिसऱ्या दिवशी वहिनी भिंतीवरून म्हणते, "भाऊजी, साताऱ्याचे एक गुरुजी आहेत. ते म्हणतात, या वयात मीठ कमीच खाव, पण मंडळीवर वरडू नये, त्यानं रक्तदाब वाढते."

माझ्या हातातला लोटा खाली पडला. माझ्या घरचं मीठ साताऱ्याले पोचलं होतं!

त्याच दिवशी मी माळ्यावरची थापी उतरवली. गुडघ्यामुळं काम सोडून पाच वर्षं झाली होती. विटा आणल्या, सिमेंट आणलं, दोरी ताणली. दोन अंगणांच्या मधातली कमरेएवढी भिंत डोक्याच्या वर न्याची, असं ठरवलं.

बुढी कमरेवर हात ठेवून उभी. "तुमचा कोणता खजिना लुटून राह्यली जी ते?"

"माझी इज्जत."

"इज्जत दोरीवर वाळत घालत नाईत," बुढी म्हणे, "घरात वाळवत जा."

मी ऐकलं नाई. मी कोणाचं ऐकत नसतो. रोज सकाळी दोन थर रचाचे, हा नेम. अन् तुमाले सांगतो, त्या बाईले राग यावा का नाई? तिच्या तोंडावर भिंत चढून राह्यली, तर ते पलीकडून फोन घेऊन उभी! "मंडळी, हा भाऊजीचा तिसरा थर. हात पाहा कसा चालते, जसा विशीतल्या पोराचा." मी मान खाली घालून काम करो. चौथ्या दिवशी मी धुतलेली बंडी घातली होती, पण ते उन्हासाठी.

भिंत गळ्यापर्यंत आली तवा एक दिवस वहिनी फोन वाचता वाचता मधातच थांबली.

"काय झालं?" मी म्हणलं.

"काई नाई."

"वाचा. मी कोणाले भेत नाई."

तिनं हळू आवाजात वाचलं. कोल्हापुरातला कोणी गवंडी होता. त्यानं लिहलं होतं, 'कारागीर जुना दिसतो, पण डाव्या टोकाला सांध्यावर सांधा आलाय.'

गवंडीकाम ज्याले येत नाई त्याच्यासाठी सांगतो. खालच्या दोन विटांचा सांधा वरच्या विटेच्या पोटाखाली आला पाहिजे. सांध्यावर सांधा आला की भिंत जन्मालेच चीर घेऊन येते. हा आमच्या धंद्यातला पहिल्या दिवसाचा धडा आहे. मी हासलो. म्हणलं, कोल्हापूरच्या लोकायले म्हणा गुऱ्हाळ सांभाळा. मंग डाव्या टोकाले गेलो अन् बोटानं चाचपून पाह्यलं.

सांध्यावर सांधा होता. एक नाई, तीन थर.

मी तिथंच विटांच्या ढिगावर बसलो. चारशे मैलावरच्या मानसाले जे फोनात दिसलं, ते मले हातभर अंतरावर दिसलं नव्हतं. बुढी जवळ आली. मले वाटलं आता टोमणा मारते. ते हळू म्हणाली, "मांगच्या महिन्यात तुमी देवळातून दुसऱ्याच्या चपला घालून आले, तवाच मी म्हणत होती, डोळा गेला म्हणून."

ते तीन थर मी पाडले. पुन्हा रचले, बोटानं सांधा मोजून मोजून. भिंत डोक्याच्या वर नेऊनच थांबलो. दुसऱ्या दिवशी बुढीनं मले सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. मोतीबिंदू पिकला होता. डोळा कापला, हिरवी पट्टी बांधली अन् खाटेवर टाकलं.

पट्टीखाली मले फक्त भिंत दिसो. ताज्या भिंतीले आठ दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारावं लागते. नाई मारलं तर सिमेंट भुसभुशीत होते, बोटानं खरडलं तरी झडते. मी बुढीले म्हणलं, "तू घरी जा, भिंतीले पाणी मार." ते म्हणे, "गुमान पडा जी. डोळा जपू का भिंत?" पाचव्या दिवशी पट्टी काढून सोडलं. एसटीत बसल्या बसल्या मी ठरवून टाकलं होतं की भिंत गेली. माझ्या हातची शेवटची भिंत, अन् ते लोकायच्या देखत झडणार.

अंगणात पाय ठेवला अन् उभाच राह्यलो. भिंत ओलीगच्च. माथ्यावर भिजवलेले पोते पांघरलेले. खाली मातीत पाण्याची ओल अन् बाईच्या पायाचे ठसे. आमच्या अंगणाच्या फाटकाले कुलूप नसते. रस्त्यानं वळसा घेऊन कोणी तरी दोन्ही बाजूनं पाणी मारून जात होतं.

मी तसाच, पाय न धुता, वहिनीच्या दारात गेलो. ते ओसरीत चटईवर बसली होती.

"पाणी तुमी मारलं?"

"मंग काय भिंत आपल्या हातानं पेईन?"

"पण वहिनी, ते भिंत मी... तुमाले दिसू नये म्हणून बांधली."

"ते मले समजत नाई का, भाऊजी? दिसू नये म्हणून बांधली, पडावी म्हणून थोडी बांधली!" अन् मंग जरा चिडून म्हणते, "तडा गेला असता तर तो कोल्हापूरवाला पुन्हा बोलला असता. घरच्या मानसाले भायेरच्यानं काऊन बोलाव?"

मी नजर दुसरीकडं फिरवली, अन् नव्या डोळ्याले चुलीजवळचं ताट दिसलं. भाकर, कढी-गोळे, बाजूले ठेचा. फोटोसाठी मांडलेलं, नेटकं. वर जाळीचं झाकण. कढीवर साय धरली होती. सकाळचं ताट, अन् आता दिवस कलला होता. एक तुकडा मोडलेला नव्हता.

वहिनीच्या फोनात टिंग टिंग चालूच होतं. साऱ्या मुलखाचे लोक एकच विचारत होते. मी वाकून अक्षर अक्षर लावून वाचलं. 'जेवलात का सुमनताई?' 'जेवण झालं का?' अन् वहिनी एका बोटानं एकेकाले उत्तर देत होती. 'हो, जेवली. तुमी?' पुन्हा दुसऱ्याले, 'हो, जेवली. तुमी?'

मी घरी आलो. बुढीले सांगतलं. बुढी पिशवीतले कपडे काढत होती.

"तुमी दुपारी पारावर जाता, तुमाले काय ठाऊक?" ते म्हणाली. "ते पलीकडून ताट घेऊन बसे, मी अलीकडून. भिंतीवर मधात लोणच्याची बरणी. मालक गेले तवापासून एकलीच्या घशाखाली घास उतरत नाई तिच्या. कोणी समोर बसून खाल्लं तर खाते."

"मंग सांगतलं काऊन नाई मले?"

"थापी घेतली की तुमी कोणाचं ऐकता का जी?"

मी उठून भिंतीले हात लावला. पाडाचा विचार आला, खोटं सांगत नाई. पण पाणी असं मारलं होतं त्या बाईनं की भिंत फत्तर झाली होती. अन् डॉक्टरनं महिनाभर घण उचलाचा नाई, धुळीत जाचं नाई, असं बजावलं होतं. भिंत उभी राह्यली. आजही आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पारावर गेलो नाई. रस्त्यानं वहिनीच्या दारात गेलो. समोरच्या ओट्यावर तिघं-चौघं बसले होते, ते माना वळवून पाहू लागले. मी घसा साफ केला. आजवर हा सवाल माझ्या तोंडून कोणत्याच बाईसाठी निघाला नव्हता. घरच्या बुढीलेही मी कधी विचारलं नाई. ते मले विचारते, मी हुंकार देतो.

"वहिनी," मी म्हणलं. आवाज पाहिजे होता त्याच्यापेक्षा मोठा निघाला. "जेवल्या का?"

ते फोनात उत्तर लिहत होती. बोट तसंच राह्यलं. फोन चटईवर ठेवून तिनं मान वर केली.

"नाई जी," ते म्हणाली. "तुमी दवाखान्यात गेले तवापासून धड नाई."

मी चपला काढल्या, आत गेलो, त्या दिवशीचं झाकलेलं ताट उचललं अन् साऱ्या गल्लीच्या देखत ते दोन्ही हातांनी धरून आमच्या घराकडं चालू लागलो. कढी सांडू नये म्हणून हळू चाललो. मांगून वहिनी आली.