मामांच्या प्रतीतली लखाई

आमचे शंकरमामा पुस्तक विकत घेण्याआधी त्याचा वास घेतात. मग पाठीवर टिचकी मारून कान लावतात, आणि शेवटी मधोमध उघडून तिथल्या दोन ओळी वाचतात. दुकानदार तोपर्यंत दुसरं गिऱ्हाईक पाहतो.

दोष मामांचा नाही. वसमतच्या बाजारात त्यांनी उभा जन्म हळदीची पारख केली. हळकुंड मोडायचं, आतला रंग पाहायचा, आणि शेतकरी-व्यापारी दोघांनाही न आवडणारं खरं बोलायचं. निवृत्तीनंतर हळद सुटली, मोडून पाहणं सुटलं नाही. माझ्या लग्नात त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आईला म्हणाले, "पोरगं बरं हाय आक्का, पण आतून शिजायचं राहिलं." आता मी हिंगोलीला कचेरीत कारकून आहे, केस पांढरे झालेत, पण मामांनी तो शेरा अजून बदललेला नाही.

तर गोष्ट एका कादंबरीची. यादवांच्या काळातली, जाडजूड. तिचा पहिला भाग वसमतमध्ये घरोघरी वाचला गेला. त्यातली लखाई दाई, राजपुत्राला पाठीशी बांधून वेढ्यातून बाहेर काढणारी, सगळ्यांना सख्ख्या मावशीसारखी झाली. बऱ्याच वर्षांनी दुसरा भाग आला, पहिल्याच्या दीडपट. आणि त्यात लेखकाने निम्म्यावरच लखाईला बाण लागून मारलं.

झालं, गाव दुभंगलं. मामांच्या घरासमोरच वाचनालय, त्याच्या ओट्यावर रोज संध्याकाळी दोन फळ्या बसू लागल्या. निवृत्त मुख्याध्यापक म्हणत, "दुसरा भाग हाच खरा इतिहास. पहिला नुसता गोडवा." कापडवाले काका म्हणत, "सर, लखाई गेल्यावरची चारशे पानं म्हंजे तेराव्यानंतरचे पाहुणे. जाता जाईनात." मी रविवारी वसमतला गेलो की काकांच्या बाजूने हिरिरीने भांडायचो. मी एकशे चाळीस पानं वाचली होती.

मामांची फळी तिसरी, आणि तिच्यात ते एकटेच.

"लखाई मेली? कोण म्हनलं? ती शेवटच्या पानापर्यंत हाय."

सरांनी पान काढून पुढं धरलं. मामांनी ते चष्म्यातून पाहिलं, कागद बोटांत चोळला आणि परत दिला. "तुमची प्रत कच्ची हाय, सर. माझ्या प्रतीत बराबर हाय." ती प्रत मात्र ते कुणाला दाखवेनात.

त्यांची तक्रार वेगळीच होती. "लेखक पाखऱ्याला काहून विसरला? येवढा मोठा घोडा, दुसऱ्या भागात नाव न्हाई त्याचं."

"शंकरराव," सर म्हणाले, "पाखऱ्या पहिल्या भागातच मेला. खिंडीत."

"सर, पहिला भाग मी अक्षर न् अक्षर ऐकलेला हाय. जखम झाली, लेप लावला, बरा झाला."

ओटा हसला. मी चपलेचा अंगठा तपासत बसलो. मामांचं वय झालं, असं मी त्या दिवशी घरी जाऊन बायकोला सांगितलं.

मग एका शनिवारी त्यांचा फोन आला. "उद्या ये. मामीला जवळा बाजारला, तिच्या बहिनीकडं घेऊन जाय. संध्याकाळपर्यंत आनू नको." कारण विचारलं तर फोन बंद.

गेलो. दारातच मामांचा वाचण्याचा आवाज आला. मामी खाटेवर बसल्या होत्या. साखरेच्या आजाराने त्यांची नजर गेली त्याला वर्ष झालं. मामा समोर, मांडीवर दुसरा भाग.

"लखाईनं जवळा बाजारला मुक्काम केला. सैन्यानं तिथं हळद शिजवाया टाकली. धूर असा उठला की दुश्मनाला वाटलं, दहा हजार फौज हाय…"

मी एकशे चाळीसच पानं वाचली असली तरी एवढं मला कळत होतं की हे छापलेलं असणं शक्य नाही. मामांची नजर पुस्तकावर नव्हतीच, आढ्याकडे होती. मधेच त्यांनी बोट ओलं करून पान उलटलं, नुसतं आवाजासाठी.

मला पाहताच त्यांनी दंडाला धरून परसात नेलं.

"चार वाजता समोर वाचकांची सभा हाय. भोंगा लावून राहिले. लखाई मरनं योग्य का अयोग्य, हा विषय. हिला घरात बसून समदं ऐकू येईल." त्यांनी मागं दाराकडे पाहिलं. "डोळे गेले तवा रडली न्हाई रे ती. म्हनली, लखाईचं पुढं काय झालं तेवढं वाचून दाखवत जा. आता तिला काय सांगू, लखाई गेली म्हनून?"

मी मामींना घेऊन एसटीत बसलो. वसमत मागं पडल्यावर मामी सहज म्हणाल्या, "लखाई मेली ना रे?"

मी खिडकीबाहेरचा कापूस पाहू लागलो.

"डोळे गेले, कान हायेत. आमच्या दारासमोर सहा महिन्यांपासून लखाईचंच सुतक चालू हाय. तुझ्या मामाच्या ध्यानात येत न्हाई तेवढं."

"मग बोलल्या का नाहीत?"

"कशाला बोलू? चाळीस वर्षांत ह्ये मान्साशी कमी, हळकुंडाशी जास्त बोलले. आता रोज दोन तास बोलून राहिले." त्यांनी पदर सारखा केला. "आन् मी तरी कुठली खरी? पोत्यांची थप्पी पडून ह्यांचा पाय मोडला व्हता, तीन महिने खाटेवर. पहिला भाग तवा मीच वाचून दाखवला. पाखऱ्याला खिंडीत बाण लागला आन् ह्ये भिताडाकडं तोंड करून रडाया लागले. मंग मी लेप लावला."

"आणि खरं कधी सांगितलंच नाही?"

"इतक्या वर्षांनी घोडा मारू का आता?"

संध्याकाळी परतलो तेव्हा भोंगा उतरवत होते. मामा दारातच उभे. त्यांनी आधी मामींचा चेहरा पाहिला, मग माझा. हळकुंडाकडे पाहावं तसा, बराच वेळ. मी तोंड शक्य तेवढं कोरं ठेवलं.

चहा झाला. मामींनी खाटेवर पाय वर घेतले. "वाचता का? लखाई मुक्कामावरून निघनार व्हती."

मामांनी पुस्तक उघडलं, बोट ओलं केलं. "लखाई निघाली," ते म्हणाले, आणि अडले. बहुधा दुपारी ती सभा ते पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकून आले होते, पाखऱ्याच्या खिंडीसकट. "पायी जायाला रस्ता लांब व्हता. तेवढ्यात मागून टापा वाजल्या. पाहते तं पाखऱ्या."

मामी जरा पुढं सरकल्या.

"जखम दुखत नसंल ना त्याची?"

"न्हाई," मामा म्हणाले. "लेप चांगला व्हता."

मी चपला घातल्या. माझी एसटी होती.