आठ सह्यांचं झेब्रा क्रॉसिंग

शाळेच्या फाटकासमोरचा रस्ता ओलांडणं ही मुळीच अवघड गोष्ट नव्हती. त्यासाठी फक्त दोन गोष्टी लागत: पायात वेग आणि कपाळी नशीब. तिसरीतल्या छकुलीकडे दोन्ही होतं, पण तिला सांभाळणाऱ्या मावशीला भाची नशिबावर सोडायची नव्हती. म्हणून ती रोज दोन वेळा शिलाई मशीन थांबवायची, गळ्यातली टेप न काढताच शाळेकडे धावायची, एका हाताने ट्रक थांबवायची आणि दुसऱ्या हाताने छकुलीला पलीकडे ओढायची. ट्रकवाले मुकाट थांबत. ही बाई आपलंही माप काढेल, असं त्यांना वाटत असावं.

मग गणवेशांचा हंगाम आला, मशीन थांबवायला सवड उरली नाही, आणि मावशीने नगरपालिकेच्या कार्यालयात एका ओळीचा अर्ज दिला. शाळेच्या फाटकासमोर झेब्रा क्रॉसिंग मिळावे.

"फाटकासमोर म्हणजे नक्की कुठे?" खिडकीतल्या कारकुनाने विचारलं.

"फाटकाच्या समोर."

"बाई, हे झालं बोलण्यातलं. आम्हाला आकडे लागतात. नकाशा विभागात जा."

नकाशा विभागात एक नवीन लागलेली मुलगी होती. तिच्या संगणकावर ना चित्र, ना रंग. नुसती काळी खिडकी आणि त्यात पांढरी अक्षरं. तिने जुन्या नकाशावरून फाटकासमोरच्या जागेचे आकडे काढले आणि त्या खिडकीत एक ओळ टाइप केली.

"काय आहे मावशी, जुन्या नकाशावाल्यांनी पृथ्वीचा आकार जरा वेगळा धरला होता. नव्यांनी उपग्रहावरून मोजला. त्यामुळे जागा एकच, पण आकडे दोन तऱ्हेचे. हा प्रोग्राम जुन्याचे नवे करून देतो."

"म्हणजे इंचांचे सेंटिमीटर."

"अगदी तेच!" मुलगी इतकी खूश झाली की तिने मावशीला खुर्ची दिली. चार महिन्यांच्या नोकरीत तिचं म्हणणं कळलेला हा पहिला माणूस होता.

तिने एंटर मारलं. नऊ-नऊ दशांश स्थळं असलेले दोन देखणे आकडे बाहेर पडले. ते अर्जावर लिहिले, सही झाली, आणि अर्ज उरलेल्या सात टेबलांच्या प्रवासाला निघाला.

आता त्या सातही टेबलांवरच्या मंडळींनी या प्रोग्रामचं एक दिवसाचं प्रशिक्षण घेतलं होतं आणि प्रमाणपत्रं चौकटीत घालून भिंतीवर लावली होती. शिकलेलं वापरलं नाही तर गंजतं. शिवाय अर्जावर आकड्यांसाठी रकाना होता. ते जुने की नवे, यासाठी नव्हता. दुसऱ्या टेबलावरचे म्हणाले, "जुनेच असणार. आपल्या कार्यालयात नवीन काय येतं?" आणि त्यांनी नव्याचे पुन्हा नवे केले. तिसऱ्या टेबलावरच्या बाई दुसऱ्याच्या हातचं पाणीही पीत नसत. आकडे कुठले घेतात! त्यांनी पुन्हा केले. चौथ्याने जबाबदारी म्हणून, पाचव्याने सवय म्हणून, सहाव्याने पाचव्याने केलं म्हणून केले. सातव्याने जेवायला जाता जाता उरकलं, आणि आठव्या टेबलावरच्या साहेबांनी समोर पाहुणे बसले होते म्हणून करून दाखवलं. प्रोग्राम बिचारा आज्ञाधारक. जुने म्हणून जे द्याल ते जुने मानायचं, बदलायचं, आणि तोंडातून ब्र काढायचा नाही. असा आदर्श कर्मचारी त्या कार्यालयात दुसरा नव्हता.

दर टेबलाला क्रॉसिंग एकशे बारा मीटर ईशान्येला सरकलं. एकशे बारा साती सातशे चौऱ्याऐंशी. आणि शाळेच्या फाटकापासून ईशान्येला बरोबर सातशे चौऱ्याऐंशी मीटरवर होती मावशीची बाहेरची खोली.

मंगळवारी सकाळी दोन रंगारी बादली आणि हातात मावणारं एक यंत्र घेऊन दारात उभे राहिले.

"बाई, सोफा हलवा. खाली पट्टे मारायचेत."

"अहो, हे घर आहे!"

थोरल्या रंगाऱ्याने यंत्रात पाहिलं. "यात घराचं काही नाही. यात दोन आकडे आहेत, आणि दोन्ही तुमच्या सोफ्याखाली."

पुढच्या दारापासून स्वयंपाकघराच्या मागच्या दारापर्यंत अकरा पट्टे बसले. काम मात्र सुबक होतं, उगाच खोटं कशाला बोला. दुसऱ्या दिवशी वाहतूक हवालदार आला, कारण क्रॉसिंग तिथे हवालदार. त्याने शिट्टी वाजवून छकुलीला दात घासायला पलीकडे सोडलं आणि पट्ट्यांवर उभ्या केलेल्या सोफ्याच्या पायाला जॅमर लावला.

आठवडाभरात लोकांना शोध लागला की पुढच्या गल्लीतून मागच्या बाजारात जायला आता वळसा पडत नाही. माणसांची रीघ लागली. "बाई, सुया रस्त्यात कशाला सांडता?" एक छत्रीवाले गृहस्थ म्हणाले. एक आजोबा रोज मधल्या पट्ट्यावर थांबून शेगडीवरच्या भाजीचं झाकण उघडत आणि "मीठ बघा हं," म्हणून पुढे जात.

मावशी टेपसकट साहेबांसमोर उभी राहिली.

"साहेब, मी बत्तीस इंचांचं माप घेतलं. त्याचे सेंटिमीटर झाले एक्याऐंशी. पुढच्याने एक्याऐंशी हेच इंच धरले आणि पुन्हा सेंटिमीटर केले. झाले दोनशे सहा. असं सात जणांनी केलं, तर तो फ्रॉक कुणाला बसेल?"

"कुणाला?"

"तुमच्या या इमारतीला!"

साहेबांनी गंभीरपणे मान हलवली. "इमारतीला फ्रॉक घालायचा असेल, तर प्रस्ताव बांधकाम विभागाकडे द्या."

"अहो, आकड्यापुढे नुसतं लिहा ना, जुने की नवे!"

"तसा रकाना नाही."

"मग समासात लिहा."

"समास कोरा ठेवावा असं परिपत्रक आहे. नीटनेटकेपणाचं."

नकाशावाल्या मुलीने मावशीला जिन्यात गाठलं. "मावशी, रडू नका. उलटी आज्ञाही असते, एकच अक्षर जास्त. मी सात वेळा उलटं फिरवते. क्रॉसिंग फाटकाशी!"

"मी रडत नाहीये. मी कुणाला कुठे टोचू याचा विचार करतेय."

मुलीने खरंच सात वेळा उलटं फिरवलं. क्रॉसिंग सात ढांगा मागे जाऊन फाटकासमोर शहाण्यासारखं उभं राहिलं. मग दुरुस्तीच्या अर्जाला सह्या लागतात म्हणून तो उरलेल्या सात टेबलांवरून गेला. प्रत्येकाने आपलं कर्तव्य केलं. सात ढांगा मागे, सात ढांगा पुढे. मावशीला पत्र आलं: "फेरमोजणीत सदर स्थान नऊ दशांश स्थळांपर्यंत तंतोतंत तेच आढळले. सबब पडताळणी पूर्ण झाली असून आपल्या शंकेबद्दल आभार."

"अगं, चौदा वेळा फिरवायचंस ना!"

"मला वाटलं, या वेळी तरी ते बघतील," मुलगी रडवेली होऊन म्हणाली. "पुढच्या वेळी नक्की." पण पडताळणी झालेलं स्थान जनसुनावणीशिवाय बदलता येत नव्हतं.

तेवढ्यात शाळेला जाग आली. मुख्याध्यापिकाबाईंनी सूचना काढली, की विद्यार्थ्यांनी रस्ता फक्त मान्यताप्राप्त क्रॉसिंगवरूनच ओलांडावा. झालं! रोज सकाळी सहाशे मुलं दप्तरं घेऊन सातशे चौऱ्याऐंशी मीटर चालत मावशीकडे येत, पुढच्या दारातून मागच्या दारात जात, हवालदाराकडून हातावर शिक्का घेत, सातशे चौऱ्याऐंशी मीटर परत जात आणि फाटकासमोर उभी राहत. बाई पलीकडून शिक्के तपासत.

"सगळ्यांचं ओलांडून झालं का?"

"होऽऽ बाई!"

"मग आता पळा!"

आणि सहाशे मुलं ट्रकांच्या मधून पळत सुटत.

छकुलीची तेवढी सोय होती. ती अंथरुणातून उठून स्वयंपाकघरात गेली, की तिचा रस्ता ओलांडून झालेला असे. पण मावशीला आता तिच्यासोबत जाता येईना. सहाशे मुलांच्या बाराशे बुटांमधून गणवेशांचं कापड कोण वाचवणार? छकुली एकटीच जाऊ लागली. एका दुपारी ती एकाच चपलेवर घरी आली.

"दुसरी कुठाय गं?"

"ट्रकखाली. मी लवकर पाय काढला," छकुली अभिमानाने म्हणाली.

मावशीने हातातली सुई सुयांच्या गादीत खोचली, उरलेली चप्पल पिशवीत घातली आणि जनसुनावणीचा अर्ज दिला.

सुनावणीला सभागृह गच्च भरलं. मुलगी चौदा वेळा उलटे फिरवलेले आकडे मुठीत धरून बसली होती. साहेबांनी अहवाल वाचला: "सदर क्रॉसिंगवर आजवर एकही अपघात झालेला नाही."

"तिथे रस्ताच नाही!" मावशी ओरडली.

"कारण काहीही असो."

मावशीने चप्पल टेबलावर ठेवली. एवढीशी, निळी, तिसरीतल्या पायाची. कुणी च्-च् केलं, कुणी डोळे टिपले. छत्रीवाल्या गृहस्थांनी तर रुमाल काढला. मग साहेबांनी मत विचारलं. क्रॉसिंग फाटकासमोर न्यावं, या बाजूने दोन हात वर झाले, एक मावशीचा आणि एक मुलीचा. विरुद्ध बाजूने चारशे बारा.

"तसं नाही हो मावशी," छत्रीवाले नाक पुसत म्हणाले, "पोरीचं वाईट वाटतंच. पण आम्हाला बाजाराला केवढा वळसा पडेल, याचा विचार केलात का?"

वाचून तुम्हालाही चीड आली असेल. काय एकेक माणसं असतात, नाही? पण काल संध्याकाळी पिशवी घेऊन मावशीच्या दारातून शिरलात, छकुलीच्या उघड्या वहीवर पाय देऊन मागच्या दाराने बाहेर पडलात आणि जाताना, "जरा रुंद करून घ्या हो ही वाट, धक्के लागतात," असं हवालदाराला सुनावलंत, ते तुम्हीच होतात. तुमची सूचना त्याने लिहून घेतली. तिला एकाच दिवसात आठही सह्या मिळाल्या आहेत. भिंत सोमवारी पाडतील.