एका शब्दाला एकशे बारा

शनिवार, १० मे. मिरजेत सकाळपासून कडक ऊन. चारनंतर ढग आले, पण पाऊस नाही.

परदेशात गेल्यावर आपले बोलणेही पैशांसारखेच त्या दिवसाच्या दराने बदलून मिळते, म्हणून सहल ठरवताना आम्ही आधी दर पाहिले. मुलगी मृण्मयी व्हिएतनामसाठी हटून बसली होती. तिथे आपला एक शब्द तीनशेच्या आसपास ऐकू जातो. पण शेजारचे खटावकर गेल्या वर्षी तिथे जाऊन आले आहेत. हॉटेलात त्यांनी नुसते "मीठ" म्हटले आणि वेटर मान डोलवत ऐकत उभा राहिला. तोवर सूप निवले. माझ्या पत्नीला, हेमलताला, जपान चालले असते. तिथे एकाचे पावणेदोन होतात, म्हणजे फार बोभाटा होत नाही.

आई म्हणाली, "लंडन."

लंडन सर्वांत महाग. तिथे आपण एकशे चौदा-पंधरा शब्द बोलावेत तेव्हा समोरच्याला एक ऐकू येतो. तो कुठला असेल ते आपल्या हाती नसते. सगळ्या बोलण्याचे जे सार असेल ते जाते. आणि माझी आई दिवसाकाठी चाळीस शब्दांच्या वर जात नाही.

तरी तिला तिथेच जायचे होते, कारण माझा धाकटा भाऊ श्रीपाद तिथे असतो. सहा वर्षांपूर्वी त्याने फियोनाशी लग्न ठरवले तेव्हा आई तिला फोनवर म्हणाली होती, "सुखी राहा. घरी ये." फोनला आणि पत्रालाही हाच दर लागतो. फियोनाला काहीच ऐकू गेले नाही. श्रीपादने तिला दराचे सगळे समजावले, पण न ऐकलेल्या आमंत्रणावर कसे जायचे, हे तिचेही बरोबरच होते. ती अजून मिरजेला आलेली नाही.

"मी श्रीपादला सांगतो, तो तिला सांगेल," मी म्हणालो. "त्या दोघांचं बोलणं पौंडातच. एकाला एक."

"निरोपावर सून येते का?" आई म्हणाली. "बोलवायचं तर मीच."

रुपये बदलायला गेलो तेव्हा स्टेशन रोडवरच्या शिकलगारांनी नोटा देता देता बजावले, "सुट्टं तिकडं चालत नाही बघा. चाळीस आज, चाळीस उद्या, असं साठवून काय मिळत नाही. बोलायचं ते एका दमात. आजींना तेवढं सांगा."

"सांगतो."

"मिसेसना काय सांगू नका. त्यांचं होऊन जाईल."

मंगळवार, २० मे. लंडन. ढगाळ, गार, अधूनमधून बारीक पाऊस. दर ११४.

विमानतळावर श्रीपाद म्हणाला, "आलात!" त्याचे बोलणे पौंडातले, त्यामुळे आम्हाला ते एकशे चौदा शब्दांत ऐकू आले. त्यात आईचे गुडघे होते, माझे पिकलेले केस होते, मृण्मयीची उंची होती आणि पार्किंगचे पैसे होते. ट्रॉल्या धरून आम्ही ऐकत राहिलो. मागे रांग लागली.

"काका, प्लीज, घरी पोहोचेपर्यंत नुसती मान हलवा," मृण्मयी म्हणाली. ते अर्थातच त्याला ऐकू गेले नाही.

फियोना दारात हात जोडून उभी होती. उंच, तांबूस केसांची, अवघडलेली. आपण एक शब्द बोललो तर पाहुण्यांना दारातच किती वेळ उभे राहावे लागेल हे ठाऊक असल्याने ती बोलली नाही. आई म्हणाली, "बरी आहेस ना?" फियोनाने आईच्या ओठांकडे पाहिले, थोडी वाट पाहिली आणि तिचा कोट घेतला.

हेमलताने भांडी पुसता पुसता तिच्यापर्यंत "पडदे" आणि "कितीला" हे दोन शब्द आरामात पोहोचवले. फियोनाने एका शब्दात किंमत सांगितली. हेमलता बाहेर आली ती पडद्यांची अख्खी हकीकत घेऊनच. "बाई बोलकी आहे," ती मला म्हणाली.

शनिवार, २४ मे. वारा. दर ११४च.

बागेत बाकावर आई आणि फियोना शेजारी बसल्या. मी आईला आधीच सांगून ठेवले होते, "सगळं सांग. विमानाचं सांग, आपल्या गल्लीचं सांग."

"तिला काय करायचीय गल्ली?"

पण तिने प्रयत्न केला. मी मागच्या बाकावर बोटांवर मोजत होतो. बदकांबद्दल, थंडीबद्दल बोलून ती एकतिसाव्या शब्दाला थांबली.

"अगं, थांबू नकोस!"

"झालं की सांगून," आई म्हणाली. "उगीच किती वाढवायचं?"

फियोना तळ्याकडे पाहत होती. घरी जाताना ती आमच्या चार पावले पुढे चालली. आई त्या दिवशी जेवली नाही.

बुधवार, २८ मे. स्वच्छ ऊन. रुपया सावरला. दर ११२. विमान आजचेच.

सकाळी आईने फियोनाचे स्वयंपाकघर ताब्यात घेतले आणि मिरजेहून आणलेल्या डाळीच्या पुरणपोळ्या केल्या. आम्ही सगळे जेवायला बसलो, आई वाढायला उभी. फियोनाने एक पोळी खाल्ली आणि ताटावर आडवा हात धरला.

आईने तो हात पाहिला.

"अगं, हात काढ. एक कुठं असते का? आमच्यात एक वाढत नाहीत. बरं, अर्धी घे. अर्धीला काय होतंय? तूप सोडते वर. बघ, कशी मऊ झालीय. पिठाला इथं तसा चिकटपणा नाही, नाहीतर अजून पातळ लाटली असती. घे, माझ्यासाठी घे. लाजू नकोस. किती वाळलीयस! श्रीपाद तरी काही करून घालतो का तुला?"

श्रीपादने उत्तर द्यायला तोंड उघडले. त्याच्या एका शब्दाखाली आईचे सगळे बोलणे बुडाले असते. हेमलताने त्याच्या तोंडात पोळीचा तुकडा कोंबला.

"त्याला लहानपणी चार लागायच्या, पाचवी मी लपवून ठेवायची. मिरजेला आमचा पाटा आहे दारामागं, त्यावर वाटलेलं पुरण निराळंच लागतं. ते इथं कसं मिळेल? ते तिथंच येऊन खायला हवं. गरम, तव्यावरची, स्वयंपाकघरात पाटावर बसून. मी लाटेन, तू बस. कुणी काही म्हणणार नाही तुला. म्हणालं तर माझ्याशी गाठ आहे. दुधातली खा, तुपातली खा, नुसती खा. आवडली नाही तर ठेव ताटात, मी खाईन. पण एक कुठं असते का, पोरी?"

एकशे तेरा. मृण्मयीचीही मोजणी तेवढीच आली.

फियोनाने ताटावरचा हात काढला. तिचे ओठ एकदाच हलले. आम्हाला ऐकू आले ते असे: तुम्ही "ये" म्हणालात ते मी ऐकलं, मला वाटलं होतं तुम्ही कधी म्हणणारच नाही, मी येते, पण आधी रजा बघावी लागेल, नोव्हेंबर चालेल का, तेव्हा तिथं थंडी असते का, असली तर स्वेटर किती आणू, आणि तिथं पाटावर बसून जेवतात असं श्रीपाद सांगतो, ते मला जमेल असं वाटत नाही, माझे पाय लांब आहेत, पण भिंतीला टेकून बसले तर चालेल ना. पुढे व्हिसाचे थोडे होते.

"चालेल," आई म्हणाली आणि तिच्या ताटात दुसरी पोळी वाढली.

फियोनाने एकूण अडीच पोळ्या खाल्ल्या. आईचा एक शब्द जास्त झाला होता, तो परत मिळाला नाही. आमचे विमान सायंकाळी साडेआठला सुटले. श्रीपाद आणि फियोना ९ नोव्हेंबरला मिरजेला येत आहेत. मुक्काम बावीस दिवस.